शाळा सुटल्यावरचा केमिस्ट्री गट: ज्याचा प्रश्न, खडू त्याच्याच हातात

आधी निकाल सांगते. अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीसाठी मी गाइडं वापरली, व्हिडिओ पाहिले, सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे पालथे घातले. या सगळ्यांत मला सर्वात जास्त उपयोग झाला तो आमच्याच वर्गातल्या मुलामुलींनी चालवलेल्या गटाचा. पुस्तकांची परीक्षणं लिहिली जातात, ॲपची लिहिली जातात, अशा गटाबद्दल मात्र कोणी काही लिहून ठेवत नाही. खालच्या वर्गातली मुलं मला अजून विचारतात, "ताई, तिथे खरंच अभ्यास होतो की नुसत्या गप्पा?" म्हणून हे सविस्तर लिहिते आहे, उणिवांसकट.

गटाचं स्वरूप अगदी साधं होतं. शाळा सुटल्यावर एक रिकामा वर्ग, एक मोठा फळा आणि ज्यांचं काही ना काही अडलंय अशी मुलं. शिक्षक नसत. कोणी एक 'हुशार' मुलगा उभा राहून बाकीच्यांना शिकवतोय, असंही नसे. आज मला मोल संकल्पनेत मदत लागली, तर उद्या तीच मदत करणारी मुलगी हेसच्या नियमाच्या गणितात चिन्हांचा गोंधळ घेऊन माझ्याकडे येई.

पण नुसतं एकत्र बसण्याने काही होत नाही. एकत्र बसून एकाने सोडवायचं आणि चौघांनी उतरवून घ्यायचं, असे गट मी पाहिले आहेत. तिथून घरी जाताना वही भरलेली असते, डोकं जिथे होतं तिथेच असतं. आमचा गट चालला तो दोन नियमांमुळे. पहिला नियम: ज्याचा प्रश्न, खडू त्याच्याच हातात. मदत करणाऱ्याने बोलायचं, विचारायचं, हवं तर बोट दाखवायचं, पण फळ्यावर लिहायचं नाही. दुसरा: "मला हे समजलंच नाही" हा प्रश्न धरला जाणार नाही. कुठल्या ओळीपर्यंत आलात ते आधी फळ्यावर लिहून दाखवायचं. ती ओळ चुकीची असली तरी चालेल, कोरा फळा चालणार नाही.

सुरुवातीला हे जाचक वाटतं. अडलेल्या माणसाला उत्तर हवं असतं आणि समोरचा म्हणतो, "तू कुठपर्यंत आलास ते लिही." पण या नियमांनी काय होतं, ते एका गणितावरून सांगते.

गणित टायट्रेशनचं, म्हणजे एका द्रावणाने दुसऱ्याचं प्रमाण मोजण्याचं होतं. ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्लाचं २५ मिलिलिटर द्रावण, त्यात सल्फ्युरिक आम्ल घातलेलं, ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट किती लागेल? आमच्यातल्या एका मुलाचं उत्तर दर वेळी १२.५ मिलिलिटर येत होतं, पुस्तकात होतं २५. तो वैतागून म्हणाला, पुस्तकच चुकलंय. त्याच्या शेजारी उभ्या मुलीने फळ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "उत्तर बरोबर अर्धं येतंय. म्हणजे कुठेतरी दोन सांडलाय. शोध."

त्याने परत वरपासून वाचलं. मँगनीज अधिक सातवरून अधिक दोनवर येतं, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतं, हे बरोबर. कार्बन अधिक तीनवरून अधिक चारवर जातो, म्हणजे एक इलेक्ट्रॉन देतो, हेही बरोबर. तिने विचारलं, "एका ऑक्झलेटमध्ये कार्बन किती?" खडू हवेत थांबला. दोन! म्हणजे एक ऑक्झलेट दोन इलेक्ट्रॉन देतं, दोन परमँगनेटला पाच ऑक्झलेट लागतात, १.२५ मिलिमोल ऑक्झलेटला ०.५ मिलिमोल परमँगनेट, आणि ते झालं २५ मिलिलिटर. पुढचं त्याने एका दमात लिहिलं.

शिक्षकांनी हेच गणित समजावलं असतं, तर "ऑक्झॅलिक आम्लाचा एन-फॅक्टर (एक रेणू किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो तो आकडा) दोन" असं सांगून पुढे गेले असते. त्यात त्यांची चूक नाही, चाळीस मिनिटांच्या तासात तेवढंच शक्य असतं. पण त्या मुलाला एन-फॅक्टर पाठ होताच की! त्याला हवं होतं ते आपली नेमकी चूक आपल्या हाताने सापडणं. आणि त्या मुलीला दोन सांडल्याचा वास लगेच आला, कारण तिचाही दोन तिथेच सांडला होता, फार दिवस झाले नव्हते. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात विद्यार्थ्यांनाच एकमेकांना पटवून द्यायला लावण्याची पद्धत रुजवली. त्यामागचा त्यांचा विचार हाच, की ज्याला गोष्ट नुकतीच कळली आहे त्याला ती कुठे अडते हे ताजं आठवत असतं, वर्षानुवर्षं शिकवणाऱ्याला ते आठवेनासं होतं.

आमच्या गटात तर्काच्या प्रश्नांवर याच धर्तीचं काहीसं आपोआप होत गेलं. प्रश्न फळ्यावर लिहायचा, प्रत्येकाने गुपचूप वहीत उत्तर लिहायचं, मग हात वर करून मोजायचं आणि मग भांडायचं. मनापासून भांडायचं.

सगळ्यात गाजलेलं भांडण समतोलावरचं. बंद भांड्यात डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड समतोलात आहेत, एका टेट्रॉक्साइडचे दोन डायऑक्साइड होतात आणि उलटही. त्यात आर्गॉन सोडला. समतोल कुठे सरकेल? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं: आर्गॉनमुळे दाब वाढला, म्हणून समतोल कमी मोलच्या बाजूला, म्हणजे टेट्रॉक्साइडकडे जाईल. समतोलावर ताण आणला की तो ताण कमी होईल अशा बाजूला तो सरकतो, हे ल शातलिएचं १८८४ सालचं तत्त्व सगळ्यांना तोंडपाठ होतं, ते फळ्यावर लिहूनही झालं. एकच मुलगा म्हणाला, कुठेच सरकणार नाही. हा एरवी फारसं न बोलणारा. सगळे त्याच्यावर तुटून पडले. त्याने वाद घातलाच नाही. "आकडे घेऊया," म्हणाला आणि खडू मागितला. बहुमत विरोधात असेल तर खडू मागता येतो, ही आमच्या नियमातली एकमेव सूट.

त्याने लिहिलं: नायट्रोजन डायऑक्साइड ०.३ बार, टेट्रॉक्साइड ०.६ बार. ०.३ चा वर्ग ०.०९, भागिले ०.६, म्हणजे समतोल स्थिरांक केपी ०.१५. आता भांड्याचं आकारमान तेच ठेवून ०.९ बार आर्गॉन सोडा. एकूण दाब दुप्पट, १.८ बार. "आता सांगा, नायट्रोजन डायऑक्साइडचा आंशिक दाब किती?" कोणी बोलेना. ०.३ च होता. टेट्रॉक्साइडचा ०.६ च. गुणोत्तर अजूनही ०.१५. समतोलाला सरकायचं काही कारणच नाही.

मला वाटलं विषय संपला. तेवढ्यात मागून एकीने विचारलं, "आणि भांड्याला सरकता दट्ट्या असेल तर?" म्हणजे दाब ०.९ वरच कायम, आकारमान वाढू शकतं. तेवढ्याच आर्गॉनने आकारमान दुप्पट होईल, आंशिक दाब निम्मे होतील: ०.१५ आणि ०.३. ०.१५ चा वर्ग ०.०२२५, भागिले ०.३, म्हणजे ०.०७५. हे केपीपेक्षा कमी, म्हणून समतोल नायट्रोजन डायऑक्साइडकडे सरकेल. ज्या बाजूला सगळे बोट दाखवत होते त्याच्या नेमकं उलट!

तो प्रश्न पुढे कुठल्याही परीक्षेत कसाही फिरवून आला तरी आमच्यापैकी कोणी चुकलं असेल असं मला वाटत नाही. 'आकारमान कायम की दाब कायम' हे विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, ही सवय त्या दिवशी लागली. पाठ केलेलं तत्त्व आणि वापरता येणारं तत्त्व यांत केवढा फरक असतो, हे मी तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

गटाची आणखी एक पद्धत मला फार आवडायची: गणिताआधी अंदाज. कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी उत्तर साधारण कुठे असेल ते मोठ्याने सांगायचं. ०.१ मोलर अॅसिटिक आम्ल ५० मिलिलिटर, त्यात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालत गेलो, तर २५ मिलिलिटरला पीएच किती? अर्धं आम्ल उदासीन झालंय, म्हणजे पीएच आणि पीकेए (आम्लाचा जोर दाखवणारा आकडा) सारखे, ४.७४, इथे गणित करायची गरजच नाही. आणि ५० मिलिलिटरला? इथे नवीन मुलं हमखास "सात" म्हणतात. मग विचारायचं, आता भांड्यात उरलंय काय? सोडियम अॅसिटेट. ते पाण्याशी काय करतं? थोडे हायड्रॉक्साइड आयन तयार करतं. मग सातच्या वर की खाली? वर. एवढं ठरलं की मग हिशेब: अॅसिटेट ०.०५ मोलर, पीएच ८.७२. अंदाज आधी बांधलेला असला की ५.२८ हे उत्तर हाताखालून सुटत नाही, तो पीओएच आहे, १४ मधून वजा केला की पीएच मिळतो. पीओएच काढून तिथेच थांबणाऱ्यांची संख्या परीक्षेत किती असते, ते पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकांना विचारून पाहा.

एककं न लिहिणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं नाही, हाही असाच शिरस्ता. वायूंच्या गणितात वायुस्थिरांक 'आर' कधी ८.३१४ घ्यायचा आणि कधी ०.०८२१, हा घोळ एककं लिहायला लागल्यावर आपोआप मिटतो. यावर जास्त लिहीत नाही.

मदत मागणाऱ्याइतकाच फायदा मदत करणाऱ्याला होतो, हे मात्र थोडं उलगडून सांगायला हवं. जस्त आणि चांदीच्या घटाचं गणित चाललं होतं. चांदीची अर्धअभिक्रिया दोनाने गुणावी लागते, कारण जस्त दोन इलेक्ट्रॉन देतं आणि चांदीचा आयन एकच घेतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने चांदीचा ०.८० व्होल्टचा विभवही दोनाने गुणला आणि घटाचा व्होल्टेज २.३६ काढला. मदत करणारा म्हणाला, "विभव गुणायचा नाही, चांदीचे ०.८० अधिक जस्ताचे ०.७६, १.५६ व्होल्ट." तिने विचारलं, "का? अभिक्रिया गुणली तर विभव का नाही?" तो अडला. त्याला करायचं कसं ते माहीत होतं, का ते माहीत नव्हतं. तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवला गेला. पुढच्या बैठकीला तो उत्तर घेऊन आला: गिब्ज ऊर्जा (अभिक्रियेतून कामाला येऊ शकणारी ऊर्जा) दुप्पट होते, पण इलेक्ट्रॉनांची संख्याही दुप्पट होते, विभव म्हणजे दर इलेक्ट्रॉनमागची ऊर्जा, म्हणून ती तेवढीच राहते. मग दोघांनी मिळून घटाची गिब्ज ऊर्जा काढली: उणे दोन गुणिले ९६,४८५ (फॅरडेचा स्थिरांक) गुणिले १.५६, म्हणजे उणे ३०१ किलोज्यूल. त्या 'का?'मुळे दोघांचंही इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं प्रकरण पक्कं झालं. असे 'का' विचारायला वर्गात भीड वाटते. मागे पस्तीस मुलं आणि समोर अर्धा राहिलेला धडा असतो. इथे वाटत नाही.

आता उणिवा. यातली पहिली गंभीर आहे: गट एकमताने चुकू शकतो, आणि एकमताने चुकतो तेव्हा फार आत्मविश्वासाने चुकतो. ऑरगॅनिकमध्ये तर जास्तच. ३-मिथिल-१-ब्यूटीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया होऊन मुख्य उत्पादन कोणतं, असा प्रश्न होता. मार्कोव्हनिकोव्हचा नियम (नवा हायड्रोजन आधीच जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनकडे जातो) लावून २-ब्रोमो-३-मिथिलब्यूटेन असं फळ्यावर लिहिलं गेलं, तिघांनी दुजोरा दिला, सगळ्यांनी उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात दाखवलं, की आधी तयार होणारा कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन असलेला आयन) दुय्यम आहे. शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपल्या इलेक्ट्रॉनजोडीसह सरकला की तो तृतीयक आणि अधिक स्थिर होतो. म्हणून मुख्य उत्पादन २-ब्रोमो-२-मिथिलब्यूटेन. या सरकण्याची, म्हणजे हायड्राइड शिफ्टची शंकाही कोणाच्या मनात आली नव्हती. आकड्यांच्या गणितात पुस्तकामागचं उत्तर चूक दाखवून देतं. मेकॅनिझममध्ये, म्हणजे अभिक्रियेच्या पायऱ्या मांडताना, सगळे मिळून चुकले तर सांगणारं कोणी नसतं. त्यानंतर एक चांगली गोष्ट सुरू झाली. ज्या उत्तरामागचं प्रत्येक पाऊल कोणालाच सिद्ध करता येत नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि ते शिक्षकांकडून तपासून घेईपर्यंत पुसायचं नाही. सरांनीही कधी कंटाळा केला नाही. उलट, आमचे प्रश्न नेमके झाले म्हणून ते खूश होते. तरीही मी स्पष्ट सांगते: शिक्षकांना पर्याय म्हणून असा गट वापरू नका.

दुसरी उणीव भराभर बोलणाऱ्यांची. उत्तर आधी ओठांवर येणारी दोन-तीन मुलं प्रत्येक गटात असतात. खडूच्या नियमाने त्यांचे हात बांधले जातात, तोंड बांधलं जात नाही. लाजरी मुलं त्यांच्यापुढे मागे पडतात आणि काही दिवसांनी यायची बंद होतात. वहीत आधी लिहून मग हात वर करायची पद्धत इथे थोडी उपयोगी पडते, पण हा प्रश्न पूर्ण सुटलेला मी पाहिला नाही. गटातल्या कोणीतरी मुद्दाम लक्ष ठेवून "तू काय लिहिलंस?" असं विचारावं लागतं.

तिसरी म्हणजे वेग. गटात एका गणितावर अर्धा तास जातो, परीक्षेत तेवढा वेळ मिळत नाही. घड्याळ लावून सोडवण्याचा सराव घरी एकट्यानेच करावा लागतो.

विषयानुसार गुण द्यायचे तर फिजिकल केमिस्ट्रीला पाचपैकी पाच: मोल, समतोल, ऊष्मागतिकी, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, अभिक्रियेचा वेग. ऑरगॅनिकला साडेतीन, त्यातही त्रिमितीय रचना समजायला मॉडेल किट मध्ये ठेवलं तर चार. एका कार्बनला चार वेगवेगळे रंगीत गोळे लावून, शेजारी त्याचीच आरशातली रचना बांधून, त्या दोन एकमेकींवर बसवायचा प्रयत्न एकदा हाताने केला की कायरॅलिटीचं, म्हणजे आरशातली रचना मूळ रचनेवर न बसण्याचं, पान परत वाचावं लागत नाही. व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये चतुष्फलक कार्बनची कल्पना मांडली, ती कागदावरच्या सपाट आकृतीत डोळ्यांना दिसतच नाही. इनऑरगॅनिकला दोन. तिथे बराच भाग लक्षात ठेवण्याचा, आणि तो एकट्याने शांत बसून जास्त चांगला होतो. अपवाद संकुल संयुगांचा (मध्यभागी धातू आणि भोवती जोडलेले रेणू किंवा आयन). त्यांची नावं आणि समघटक यांवर वाद घालायला मजा येते आणि ते लक्षातही राहतं.

असा गट कोणी घ्यावा? ज्याला पायरीपायरीने विचार करता येतो पण मध्येच कुठेतरी अडतं, त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. ज्याने प्रकरण एकदाही वाचलेलं नाही, त्याने आधी वाचून यावं, नाहीतर "कुठपर्यंत आलास?" या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसतं. आणि ज्याला सगळं येतं असं वाटतं त्याने तर जरूर यावं आणि खडू हातात न घेता समजावून पाहावं.

सुरू करणार असाल तर मुलं चार ते सहा ठेवा. त्याहून जास्त झाली की फळ्यासमोर दोन वेगळ्या चर्चा सुरू होतात. फळ्याचा फोटो काढायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. फोटो काढला की तो परत कोणी उघडत नाही. आपल्या हाताने लिहून घेतलेलं पान निदान एकदा तरी चाळलं जातं. अडलेले प्रश्न आदल्या दिवशीच एकमेकांना सांगून ठेवा, म्हणजे येणारा प्रत्येक जण तो प्रश्न एकदा स्वतः सोडवून पाहून येतो. आणि पहिलं प्रकरण निवडायचं असेल तर आयनिक समतोल घ्या. हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती दहाचा उणे आठवा घात मोलर, तर पीएच किती, एवढा एकच प्रश्न फळ्यावर लिहा. कोणीतरी आठ म्हणेल. मग विचारा, पाण्यात आम्ल घातल्यावर ते आम्लारीधर्मी कसं होईल? पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन हिशेबात धरेपर्यंत आणि उत्तर ६.९८ वर येईपर्यंत कोणालाही उठू देऊ नका.